गडगडाटाविना वेग

एक्स-५९ या विमानाला समोरची काच नाही. तीस मीटर लांबीतला जवळजवळ एक-तृतीयांश भाग नुसतं नाक आहे. त्याच्या मागे बसलेल्या एकट्या वैमानिकाला धावपट्टी दाखवायची ती कॅमेऱ्यानं, पुढ्यातल्या पडद्यावर.

एवढी गैरसोय नासानं पत्करली ती एका आवाजापायी. ध्वनीपेक्षा जास्त वेगानं जाणाऱ्या विमानाच्या नाकापासून, पंखांपासून, शेपटीपासून धक्कालहरी निघतात. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्या एकमेकींत मिसळतात आणि दोन जबर तडाखे बसतात. हाच सॉनिक बूम. १९६४ साली अमेरिकी सरकारनं ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने, दिवसाला आठ-आठ वेळा, हे तडाखे मुद्दाम देऊन पाहिले. लोक वैतागले, नुकसानभरपाईचे दावे आले. १९७३ मध्ये तर नागरी विमानांना जमिनीवरून अशा वेगानं उडायला बंदीच झाली. काँकॉर्ड हे ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान वेग घ्यायचं ते समुद्रावर, त्याचं कारण हेच.

एक्स-५९ च्या लांब नाकामुळे या लहरी सुट्या राहतात. इंजिन पाठीवर बसवलंय, म्हणजे पोट सपाट आणि इंजिनाच्या लहरी वरच्या वर. (एफ-४१४ जातीचं इंजिन, आपल्या तेजस मार्क-२ साठीही हीच जात निवडली आहे.) काँकॉर्डचा तडाखा १०५ डेसिबलच्या घरातला. इथे उद्दिष्ट ७५ चं आहे, म्हणजे दूरवर गाडीचं दार लागावं तेवढंच.

लॉकहीड मार्टिननं पामडेलला बांधलेल्या या विमानाची चाकं एफ-१६ ची आहेत. २८ ऑक्टोबर २०२५ ला नासाचे वैमानिक निल्स लार्सन यांनी ते पहिल्यांदा उडवलं, तेही चाकं आत न घेता, ध्वनिवेगाच्या खूप खाली.

त्यात ना प्रवासी बसणार, ना ते विकलं जाणार. त्यातून मिळवायची ती फक्त माहिती, आणि सरकारी पैसा असाच खर्च व्हावा, असं मला मनापासून वाटतं. बंदी हटवण्याचा आदेश जून २०२५ मध्ये निघाला. पण किती आवाज चालेल, हे गावोगावच्या लोकांनाच विचारायला हवं. २०१८ मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हस्टनला एफ-१८ विमानाला सूर मारायला लावून, तसाच हलका आवाज काढून नासानं ही विचारपूस करून पाहिली होती. सुमारे पाचशे रहिवाशांना प्रश्न होते ते साधेच: काही ऐकू आलं का, आणि त्याचा त्रास झाला का?