मुखवट्यांच्या मागावर (9) : नंदीचा रंग खरवडू नका

बेनिनचे पितळी फलक पुढच्या आठवड्यावर ढकलतो. लाखनीच्या एका वाचकाचं पत्र आलंय, आणि त्याला उत्तर लगेच हवं. त्यांच्या घरी आजोबांचा सागवानी नंदी आहे. तान्ह्या पोळ्याला तीन पिढ्यांच्या पोरांनी ओढलेला. परवा एक दलाल दारात येऊन अडीच हजार देतो म्हणाला. वर सल्ला असा की, आधी ऑइलपेंट खरवडा, 'अँटिक' दिसेल, भाव चढेल.

खरवडू नका. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या लाकडावर हाच उद्योग केला. मुखवट्यांच्या झालरी तोडल्या, पिसं उपटली, लाकूड घासून काळंभोर चकचकीत केलं. गॅबॉनच्या फांग लोकांच्या मूर्ती पूर्वजांच्या अस्थी ठेवलेल्या सालीच्या डब्यांवर बसायच्या. मूर्ती युरोपात पोचल्या, डबे बहुतेक मागेच राहिले. तेव्हा जे फेकलं, तेच आज संग्राहक शोधत फिरतात.

मुखवटा हाती आला की जाणकार आधी तो उलटा करतो. आतून कपाळ आणि नाक टेकतं तिथं घामानं लाकूड गुळगुळीत, काळसर झालेलं असतं. कडेची भोकं दोरीनं झिजलेली असतात. नकली माल धुरात टांगतात, मातीत पुरतात. पण धूर सगळीकडे सारखा बसतो, वापराची झीज ठरावीक जागीच दिसते. तुमचा नंदीही उलटा करा. आसाची भोकं लांबट झालीत का? दोरीच्या भोकाला घळ पडलीय का? शिंगाचा टवका उडालाय तिथं निरखून बघा : पांढऱ्याखाली पिवळा, त्याखाली गेरू. पोळ्यापोळ्याला चढलेले हे हात म्हणजे नंदीचा जन्मदाखला, आणि दलाल नेमका तोच खरवडायला सांगतोय.

आता भावाचं. फ्रान्समधल्या एका वयस्क दाम्पत्यानं घर आवरताना एक फांग मुखवटा जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला 150 युरोंना दिला. नवऱ्याचे आजोबा आफ्रिकेत फ्रेंच गव्हर्नर होते, त्यांच्याकडून आलेला. मार्च 2022 मध्ये मोंपेलिएच्या लिलावात तो 42 लाख युरोंना गेला. दाम्पत्य कोर्टात गेलं. डिसेंबर 2023 मध्ये आलेसच्या न्यायालयानं दावा फेटाळला. विकण्याआधी चौकशी करणं त्यांचं काम होतं. मुखवटा मुळात आमचा, असं गॅबॉनचं म्हणणं आहे ते वेगळंच.

तुमच्या नंदीला लाखो युरो कोणी देणार नाही. तरी कोणत्या वाढयानं घडवला, कोणी कोणी ओढला, बोजारा कुणाकुणाच्या घरी मिळायचा, हे वहीत उतरवा. पोळ्याचा जुना फोटो असेल तर सोबत ठेवा. मोठी लिलावघरं वस्तूआधी हीच माहिती मागतात. आणि नंदी शंभरी ओलांडलेला असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं तो परदेशी पाठवता येत नाही, अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवानाही लागतो. दलालाला परवाना दाखवायला सांगा, मग तो किती वेळ ओट्यावर बसतो ते बघा.

पुढच्या आठवड्यात बेनिन, नक्की. 1897 मध्ये इंग्रजांनी लुटलेल्या त्या फलकांना जग ब्राँझ म्हणतं, पण त्यातले बहुतेक पितळेचे आहेत. भंडाऱ्याच्या भांडी घडवणाऱ्यांनी तो लेख जरा कडक नजरेनं वाचावा, ही आगाऊ विनंती.