खाऱ्या विहिरीचं पाणी आणि माझी अकरा ऑर्किड्स

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज आले ते ऑर्किडचे. "दादा, पानं टोकाकडून करपतायत", "मुळं काळी पडली", "खत घालतो तरी फूल नाही". म्हणून आजचा पूर्ण भाग त्यावर. प्रवासात ऐकताना आकडे लक्षात राहत नाहीत, ते इथे खाली लिहून ठेवलेत.

आधी माझी फजिती सांगतो. आमचं घर देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे आम्ही. फेब्रुवारीत मी डेंड्रोबियमची बारा रोपं आणली, ती जांभळ्या-पांढऱ्या फुलांची, लग्नाच्या स्टेजवर दिसतात ना, तीच. माडाच्या सोडणाचे तुकडे भरून पडवीत टांगली. रोज विहिरीचं पाणी, आठवड्याला खत. मेच्या अखेरीस बारापैकी अकरा गेली. आजी पडवीत बसून बघत होती. म्हणाली, "ह्या पाणी आमी मे म्हयन्यात तोंडात घेणंव नाय, आनि तू झाडाक घालतंस?"

बस्स, एवढंच होतं. उन्हाळ्यात गोडं पाणी खाली जातं तशी किनाऱ्याजवळच्या विहिरींत खार चढते. मला चहाला ते पाणी खारट लागत होतं, पण झाडाला चालेल असं का कोण जाणे वाटलं.

आता, मातीतल्या झाडाला थोडं खारं पाणी गेलं तर माती काही काळ सांभाळून घेते. ऑर्किडच्या कुंडीत मातीच नसते. आंबोलीच्या वाटेवर जुन्या झाडांच्या फांद्यांवर बघा, सीतेची वेणी कशी लटकते. मुळं सालीला धरलेली, अर्धी हवेत. अनेकजण तिला बांडगूळ समजतात. तसं नाही. बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड नुसती आधाराला बसते. तिला पाणी मिळतं पावसाचं आणि धुक्याचं. खत मिळतं ते पावसाबरोबर सालीवरून ओघळणारी धूळ, पक्ष्यांची शीट, कुजलेला पाला यांतून. म्हणजे अगदी पातळ.

आपण कुंडीत जे भरतो ते फक्त आधार आणि हवा देण्यासाठी. आपल्याकडे सगळ्यात स्वस्त म्हणजे सोडण, पण ते ताजं तसंच भरू नका. नारळाच्या सोडणात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइडचे क्षार असतातच, वर तपकिरी टॅनिनही सुटतं. इंच-दीड इंचाचे तुकडे करा, गोड्या पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी ते पाणी ओता, पुन्हा भिजवा. चहासारखा रंग यायचा थांबेपर्यंत, साधारण तीन-चार वेळा. मग एक रात्र लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात ठेवा. सोडणाच्या तंतूंना चिकटलेलं सोडियम नुसत्या पाण्याने नीट सुटत नाही. कॅल्शियम येऊन त्याची जागा घेतं आणि त्याला बाहेर ढकलतं. शेवटी एकदा धुऊन घ्या. मी यातलं काहीच केलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

आता मी सोडण कमीच वापरतो. निम्म्याहून जास्त कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे, वर चार तुकडे सोडणाचे. कारण आपला पाऊस. जून ते सप्टेंबर भिजलेलं सोडण वाळतच नाही, आणि मुळं कुजतात ती पाण्याने नव्हे, हवा न मिळाल्याने.

पाण्यासाठी दोन-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या, खरंच घ्या. माझ्या विहिरीचं पाणी मे महिन्यात ११५० दाखवत होतं. पन्हळीखाली पिंपात धरलेलं पावसाचं पाणी ३० च्या आत. ऑर्किडला २०० च्या खाली असेल तर छान. एसीचं ठिबकणारं पाणीही चालतं. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नको, त्यात तर क्षार साठून आलेले असतात.

किती वेळा घालायचं? मुळं बघा. कोरडी असताना पांढरट-राखाडी, भिजली की हिरवी. मुळांवर स्पंजासारखा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. पांढरी झाली की पाणी, हिरवी असली तर थांबा. मेमध्ये रोज लागेल, कधी दोनदाही. शेवटचं पाणी दुपारी लवकर द्या, म्हणजे रात्रीपर्यंत पानांच्या बेचक्या सुकतात.

आता खत, आणि इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे सांगतात, आधी साधं पाणी घाला, मग खत. खत कडक असेल तर ते बरोबर, कोरडं मूळ भाजतं. पण गेरहार्ड झोट्झ आणि उवे विंकलर या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की व्हेलामेन पावसाचं पहिलं, अन्नद्रव्यं जास्त असलेलं पाणी पटकन शोषून धरून ठेवतं. स्पंज आधीच साध्या पाण्याने भरला तर खताला जागा कुठे उरणार? म्हणून मी खतच इतकं पातळ करतो की ते सरळ कोरड्या मुळांवर घालता येतं. १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम. म्हणजे १० लिटरच्या बादलीत साधारण एक सपाट चहाचा चमचा. आठवड्यातून एकदा. आणि महिन्यातून एकदा फक्त पावसाचं पाणी, कुंडीखालून भरपूर वाहून जाईल इतकं, साठलेले क्षार निघून जायला.

एक गंमत. खत घातल्यावर मीटर लावला तर आकडा फार चढत नाही, मग लोक अजून एक चमचा घालतात. फसू नका! या खतातल्या नायट्रोजनचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो आणि युरिया पाण्यात वीज वाहून नेत नाही, म्हणून मीटरला तो दिसतच नाही. शिवाय युरियाचं रूपांतर करायला जीवाणू लागतात, आणि कोळसा-कौलात ते मातीइतके नसतात. म्हणून मी दर तिसऱ्या आठवड्याला १९:१९:१९ ऐवजी कॅल्शियम नायट्रेट देतो, त्याच मापाने. दोन्ही एका बादलीत कालवू नका, कॅल्शियम आणि फॉस्फेटची साय तळाला बसते आणि झाडाला काहीच मिळत नाही.

पावसाळ्यात खत बंद करायचं का, असं तिघांनी विचारलंय. नाही. डेंड्रोबियमची नवीन खोडं तेव्हाच वाढतात. पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप मिळाली की द्या. फॅलेनॉप्सिस असेल तर ती मात्र पागोळीपासून आत घ्या, मधल्या पानांत पाणी साचून कोंब सडतो.

शेवटचा प्रश्न वेंगुर्ल्याच्या एका ताईंचा: चुलीतली राख घातली तर? नको ताई. राख अल्कधर्मी असते, वर क्षारही वाढतात.

वाचलेलं ते बारावं रोप न्हाणीघराच्या मागे होतं. छपराची पागोळी त्याच्यावर पडायची. पहिल्या जोराच्या पावसानंतर आठवड्याभरात त्याला हिरव्या टोकाचं नवीन मूळ आलं. आता त्याची पाच खोडं आहेत.

आणि हो, पिंपाला जाळी लावा. डास होतात.