प्रवेश मिळाला, आता पुढे काय?

गटाच्या बैठकीत आपण वर्गणी, कर्जाचे हप्ते, शेळ्या-कोंबड्या यांवर बोलतो. आजचा विषय ऐकून तुम्हाला वाटेल, हे आपलं काम नाही. पण आता आपल्याही गावांतल्या मुली बीएस्सी, इंजिनिअरिंग करून परदेशात शिकायला जायचं म्हणतात. घरातून पैसा निघतो, जमिनीवर बोजा चढतो, सही आईची घेतात. मग त्या कागदावर काय आहे, हे आईला कळायला नको का?

प्रत्येक देशाची रीत वेगळी, म्हणून आज एकाच देशाचं बोलते, जर्मनीचं. २०२४ साली आपल्या राज्य शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांबाबत करार केला, तेव्हापासून हे नाव गावागावांत ऐकू येतं. तो करार नोकरीसाठी होता. आपण बोलतोय ते पदवीनंतरच्या शिक्षणाबद्दल, म्हणजे एमएस्सीसारख्या अभ्यासाबद्दल.

आधी पैशाचं बोलू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. काही ठिकाणी आहे. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्येच २०१७ पासून आपल्यासारख्या बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. खासगी विद्यापीठं तर फी घेतातच. म्हणून एजंट "जर्मनीत प्रवेश करून देतो, एवढे लाख भरा" म्हणाला, तर पहिला प्रश्न विचारायचा : विद्यापीठ सरकारी आहे की खासगी? दुसरा : हे पैसे विद्यापीठाचे की तुमचे? आणि पावती कुणाच्या नावाची?

फी नसली तरी खर्च आहेच. व्हिसासाठी मुलीच्या नावे एका खास खात्यात वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरोला १०० रुपये धरले तर जवळजवळ १२ लाख. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात, ते मुलीचेच असतात. पण ते एकदम काढता येत नाहीत, महिन्याला ९९२ युरो असे हातात येतात. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र चालतं. आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अशा योजनांची चौकशी कर्ज काढण्याच्या आधी करा, नंतर नव्हे.

आता मुख्य गोष्ट. प्रवेशाचं पत्र आलं की आपण पेढे वाटतो. पण जर्मनीत प्रवेश मिळणं आणि नाव दाखल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गटाला कर्ज मंजूर झालं, तरी खात्यात रक्कम यायला आणखी कागद लागतात ना, तसंच हे.

क्रम असा असतो. आधी भारतातल्या गुणपत्रिकांची तपासणी. ती दिल्लीत जर्मन दूतावासाचं एपीएस नावाचं कार्यालय करतं आणि दाखला देतं. नोव्हेंबर २०२२ पासून शिक्षणाच्या व्हिसासाठी हा दाखला लागतो. त्याला वेळ जातो, म्हणून सुरुवात इथून. मग विद्यापीठाकडे अर्ज, प्रवेशाचं पत्र, ते खास खातं, व्हिसा.

तिथे पोचल्यावर खरी नावनोंदणी. त्यासाठी मूळ गुणपत्रिका, पासपोर्ट आणि आरोग्य विमा लागतो. विम्याशिवाय नाव दाखल होत नाही, आणि त्याचा हप्ता महिन्याला शंभर युरोंच्या वर जातो. शिवाय सहामाही वर्गणी भरायची. शिकवणीची फी नसली तरी ही वर्गणी सगळ्यांना असते. त्यातून विद्यार्थ्यांच्या सोयी चालतात, बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पासही त्यातच येतो. राहायला घर मिळालं की साधारण दोन आठवड्यांत तिथल्या नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचा कागद लागतो. आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून राहण्याचा परवाना काढायचा.

हे एकदा करून संपत नाही, मैत्रिणींनो. दर सहामाहीला वर्गणी ठरलेल्या तारखेच्या आत भरून नाव पुढे चालू ठेवावं लागतं. तारीख चुकली आणि पुढच्या सूचनाही वाचल्या नाहीत, तर नाव कमी होऊ शकतं. नाव कमी झालं की राहण्याचा परवानाही अडचणीत येतो, कारण तो शिक्षणासाठीच दिलेला असतो. वर्षभर नियमाने अभ्यास करणारी मुलगी एका वर्गणीपायी अडकू नये.

आता अभ्यासाकडे येऊ. आपल्याकडे कॉलेजात हजेरी भरली नाही तर घरी निरोप येतो. तिथे बहुतेक तासांना हजेरी नसते. मुलगी आली काय, न आली काय, कुणी विचारत नाही. परीक्षेला बसायचं तर तेही ठरलेल्या तारखेच्या आत स्वतः नोंदवावं लागतं. नापास झाल्यावर पुन्हा बसता येतं, पण किती वेळा, याला मर्यादा असते. बऱ्याच ठिकाणी तीनच वेळा. सक्तीच्या विषयात त्या संपल्या, तर तो अभ्यासक्रम तिथेच थांबतो. परीक्षेच्या दिवशी आजारी पडली तर डॉक्टरचा दाखला लगेच परीक्षा कार्यालयात द्यायचा. नाहीतर गैरहजर म्हणजे नापास.

गुणांचीही रीत उलटी. १ म्हणजे सर्वांत चांगलं, ४ पर्यंत पास, ५ म्हणजे नापास. आमच्या भागातल्या एका ताईंच्या लेकीने पहिल्या सहामाहीनंतर फोनवर नुसतं "पाच पडले" म्हणून सांगितलं. ताईंना वाटलं, पाचपैकी पाच! त्यांनी शेजारी साखर वाटली. पोरीला खरं सांगायचा धीर होईना. वडिलांनी जमिनीवर कर्ज काढलेलं, तिला वाटलं आपण घर बुडवलं. दोन महिने ती खोलीतून फारशी बाहेर पडली नाही. शेवटी वर्गातल्या एका मुलीने तिला हाताला धरून सल्ला केंद्रात नेलं. तिथे कळलं की परीक्षा पुन्हा देता येते, त्या विषयाचा जादा वर्गही चालतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या वेळी ती पास झाली. ती हुशार होतीच. मदत कुठे असते, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून ही मदत कुठे मिळते, ते लक्षात ठेवा. प्रत्येक विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी कार्यालय असतं. नावनोंदणी, परवाना, कागद यांच्या अडचणी तिथे न्यायच्या. अभ्यासक्रम कसा पुरा करायचा, कोणते विषय कधी घ्यायचे, यासाठी अभ्यास सल्लागार असतात. प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते. त्या वेळी जाऊन "मला हे समजलं नाही" म्हणणं तिथे उद्धटपणाचं धरत नाहीत. उलट प्रश्न न विचारणाऱ्या मुलीला सगळं समजलंय असं धरतात. बऱ्याच विषयांना तुतोरियुम असतं, म्हणजे वरच्या वर्गातले विद्यार्थी लहान गटात बसून उदाहरणं सोडवून घेतात. फाखशाफ्ट ही त्या त्या विषयाच्या विद्यार्थ्यांची संघटना. जुन्या प्रश्नपत्रिका, कोणता विषय जड, कोणता सोपा, ही माहिती तिथे मिळते. अनेक ठिकाणी लेखन केंद्र असतं, निबंध-प्रबंध कसा लिहायचा ते शिकवतं. दुसऱ्याचं लिखाण नाव न देता उतरवलं तर तिथे ती चोरी धरतात, हे मुलीने आधीच समजून घ्यावं.

आणि मन खचलं तर? त्यासाठी श्टुडिरेंडनवेर्क नावाची संस्था असते. वसतिगृह, खानावळ तीच चालवते, आणि समुपदेशनही करते. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. आपण गटात मन मोकळं करतो, तसंच ते.

कामाचंही सांगते. शिकता शिकता काम करता येतं, पण मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, एवढीच मुभा आहे. तेव्हा "तिथे जाऊन कमवेल आणि कर्ज फेडेल" असा हिशेब मांडू नका. पहिल्या वर्षी तर मुळीच नको. जास्त तास काम करून परीक्षा गेली, तर काय कमावलं?

आता आपण आयांनी काय करायचं? एका वहीत चार तारखा लिहून ठेवा : सहामाही वर्गणीची, परीक्षा नोंदवायची, परवान्याची मुदत आणि पासपोर्टची मुदत. फोन करताना वेळेचं भान ठेवा. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. नुसतं "जेवलीस का" विचारू नका. तेही विचाराच, पण पुढे विचारा, "कोणता विषय जड जातोय? कुणाला भेटलीस?" आणि जाण्याआधीच एक वाक्य तिला सांगून ठेवा : "नापास झालीस तरी मला आधी सांग."

खरी माहिती फुकट मिळते. डीएएडी ही जर्मनीची शिक्षणविषयक संस्था आहे. तिचं कार्यालय दिल्लीत आहे, आणि अभ्यासक्रमांची यादी ती मोबाइलवर कुणालाही दाखवते. भाषा शिकायला पुण्या-मुंबईत माक्स म्युलर भवन आहे. गटातल्या शिकलेल्या मुलीला सोबत घ्या, पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि ज्यांच्या घरी असा विचार चाललाय त्यांच्यासोबत बसून ही वही तयार करा. सही करण्याआधी कागद वाचायची सवय आपल्याला गटाने लावली आहेच. ती लेकीच्या कामालाही येऊ द्या.