आराखडा कोलमनचा, हात कुणाचे?

सिंगापूरच्या नैर्ऋत्येस जुरोंग आयलंड नावाचे बेट आहे. ते निसर्गाने घडविलेले नाही. सात लहान बेटांमधला समुद्र भराव घालून बुजविला आणि २००९ साली सुमारे ३२ चौरस किलोमीटरचे एकच बेट तयार झाले. आज तेथे तेलाचे व रसायनांचे कारखाने आहेत. परवान्याशिवाय आत जाता येत नाही.

पाणी हटवून जमीन करण्याची ही रीत सिंगापुरात जुनी आहे. तिच्या आरंभीच्या काळातले मोठे नाव म्हणजे जॉर्ज ड्रमगूल कोलमन. आयर्लंडमध्ये १७९५ साली जन्मलेला हा वास्तुशिल्पी कलकत्ता, बटाव्हिया असा मुक्काम करीत १८२२ साली सिंगापुरास आला. १८३३ साली तो सरकारी बांधकामांचा अधीक्षक झाला. त्याने शहराची मोजणी केली, दलदली बुजविल्या, रस्ते आखले, १८३५ साली आर्मेनियन चर्च उभारले. १८४४ साली तो तेथेच वारला. त्याच्या नावाचा रस्ता आणि पूल आजही आहेत.

पण कोलमनने जे आखले, ते केले कुणी? हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी. १८२५ पासून ते तेथे येऊ लागले. बंगाल-मद्रासेप्रमाणे आपल्या मुंबई इलाख्यातूनही आले. नॉर्थ ब्रिज रोड आणि साऊथ ब्रिज रोड हे त्यांच्याच घामाचे. पुढे तुरुंगातच कित्येकजण सुतार, लोहार, गवंडी झाले. १८५६ साली पायाभरणी झालेले सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांनीच बांधले. गिलाव्यासाठी शिंपल्यांच्या चुन्यात अंड्यांचा पांढरा बलक व साखर मळली, नारळाची सोडणे भिजवलेले पाणी घातले आणि भिंती घोटून घोटून चकचकीत केल्या.

आपल्या मॉरिशसमध्येही १८१५ पासून बंगाल व मुंबई इलाख्यांतले कैदी आणले गेले. मळ्यांवर आपले आजे-पणजे मजूर म्हणून राबू लागले, त्याआधीच या लोकांनी येथे रस्ते व पूल बांधले होते.

कोलमनचे नाव पुलावर राहिले, याबद्दल आमची तक्रार नाही. तो त्या मानाचा धनी होता. पण रंधा मारणाऱ्याचे, चुना मळणाऱ्याचे नाव कुठल्या दगडावर आहे? म्हणून आमची एकच विनंती. घरात एखाद्या आजोबांची करवत किंवा थापी पडून असेल, तर ती फेकू नका. ती कुणाची, त्याने काय बांधले, हे वहीत लिहून ठेवा आणि मुलांना वाचून दाखवा.