शुल्क नाही, पण पत्ता हवा: जर्मनीतील भारतीय विद्यार्थ्यांचे दैनंदिन जीवन

जर्मनीतील बहुतांश सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क आकारले जात नाही, ही गोष्ट आता भारतातील लहान शहरांतील पालकांनाही ठाऊक झाली आहे. तेथे पोहोचलेल्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा मात्र वर्गात होत नाही; ती घराच्या शोधात होते. नोंदणीकृत पत्ता हाती येईपर्यंत निवास परवान्यापासून पगारापर्यंत बरेच काही अडून राहते.

जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्या देशात ४९,४८३ भारतीय विद्यार्थी शिकत होते. चीनला मागे टाकून भारतीय हा परदेशी विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गट बनला आहे. त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी अभियांत्रिकी शाखांत आहेत.

शुल्कमाफीला अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांसाठी शुल्क लागू केले. अन्यत्र केवळ सत्र-वर्गणी भरावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी बस व रेल्वेचा पासही तीतच मिळतो.

स्वतःचेच पैसे, पण हप्त्याने

व्हिसासाठी विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. त्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे ‘ब्लॉक्ड अकाउंट’. सप्टेंबर २०२४ पासून या खात्यात ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक रक्कम, आगाऊ भरणे आवश्यक झाले. ही रक्कम विद्यार्थ्याचीच असली तरी एकदम काढता येत नाही. दरमहा ९९२ युरो मिळतात.

त्यातून सरकारी आरोग्य विम्यासाठी सुमारे १४० ते १५० युरो जातात. उरलेल्या पैशांचा मोठा वाटा घरभाडे घेते. म्युनिकसारख्या महागड्या शहरात एका खोलीचे भाडेच या रकमेच्या निम्म्याहून पुढे जाऊ शकते. जाहिरातीत ‘थंड भाडे’ आणि ‘उबदार भाडे’ असे दोन शब्द दिसतात. पहिल्यात केवळ जागेचे भाडे असते. दुसऱ्यात हीटिंग, पाणी आणि देखभालीचा खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट अनेकदा त्याहूनही वेगळे. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत घेण्याची कायद्याने मुभा आहे. पहिल्या महिन्यात हा सारा भार एकदम पडतो, तेव्हा ९९२ युरो अपुरे ठरतात.

एका कागदावर अडलेले सारे

घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. या नोंदणीनंतर करक्रमांक टपालाने घरी येतो आणि निवास परवान्याच्या अर्जालाही हीच नोंद लागते. व्हिसाची मुदत मर्यादित असल्याने हे काम लांबणीवर टाकता येत नाही.

अडचण अशी की, विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते आणि खासगी घरमालक नियमित उत्पन्नाचा पुरावा मागतात. नवख्या विद्यार्थ्याकडे तो नसतो. नाइलाजाने काही जण मित्राच्या खोलीत किंवा पोटभाड्याने राहतात. तेथे पत्त्याची नोंद करू दिली जात नसेल, तर डोक्यावर छप्पर असूनही कागदोपत्री विद्यार्थी बेघरच राहतो. या घाईचा फायदा भामटे घेतात. ‘मी परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी टपालाने येईल’ असा निरोप आला, की तो फसवणुकीचा प्रकार समजावा.

पत्ता मिळाल्यावरही एक बारीक गोष्ट उरते. जर्मनीत पत्त्यात सदनिकेचा क्रमांक सहसा नसतो. टपाल पेटीवरील नाव पाहून टाकले जाते. पेटीवर आडनाव लावले नाही, तर बँकेचे, विम्याचे आणि करक्रमांकाचे पत्रही परत जाऊ शकते.

करक्रमांक कळवला नाही, तर पगारातून सर्वांत चढ्या श्रेणीने कर कापला जातो. मार्च २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची परवानगी आहे. गोदाम, उपाहारगृह किंवा विद्यापीठातील साहाय्यकाचे काम यांतून महिन्याचा खर्च सावरता येतो. मात्र अभ्यासाचा वेळ सांभाळणे हे ज्याचे त्यानेच करायचे असते.

वर्गात मोकळीक, परीक्षेत कसोटी

अनेक व्याख्यानांना हजेरी सक्तीची नसते. परीक्षेसाठी मुदतीत स्वतः नोंदणी करावी लागते. १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी, हा उलटा क्रम अंगवळणी पडायला वेळ लागतो. एकाच विषयासाठी बहुधा तीनच संधी असतात. शेवटच्या संधीतही अपयश आले, तर प्रवेश रद्द होतो. त्यामुळे निवास परवानाही धोक्यात येतो. भारतात ‘राहिलेला विषय पुढच्या वर्षी सोडवू’ अशी सवय असलेल्यांना हा नियम उशिरा कळणे महागात पडते.

रोजच्या जगण्याचेही वेगळे वेळापत्रक असते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने डाळ-तांदूळ शनिवारीच आणून ठेवावे लागतात. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. दुपारी विद्यापीठाच्या भोजनालयात स्वस्तात जेवता येते; संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात फोडणी देताना आधी खिडकी उघडावी लागते, कारण घरात धूर ओळखणारी घंटा असते. हिवाळ्यात साडेचार-पाचच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा भारतात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. घरचा फोन बहुधा याच वेळी होतो आणि ‘सगळे ठीक आहे’ या उत्तरात घराचा शोध, परीक्षेची धास्ती आणि एकटेपणही झाकले जाते.

म्हणून प्रवेशपत्र हाती पडताच वसतिगृहासाठी अर्ज करणे, पहिल्या दोन महिन्यांसाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’बाहेर वेगळी रक्कम राखणे आणि खोली घेण्यापूर्वी ‘येथे पत्त्याची नोंद करता येईल का’ हे लेखी विचारणे हिताचे ठरते. व्यवहारापुरती जर्मन भाषा येत असेल, तर घरमालकाशी आणि कार्यालयाशी होणारे बोलणे सोपे जाते. पालकांनीही फोनवर अभ्यासाआधी घराची चौकशी करावी. शुल्कात वाचलेले पैसे पहिल्या काही महिन्यांत कसे वापरले जातात, यावर पुढची दोन वर्षे बरीच अवलंबून असतात.