स्ट्रायपरच्या स्पर्धा : नियम आणि मोल

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास हा मासा गळाने पकडण्याच्या स्पर्धा दरवर्षी भरतात. काही एका दिवसात उरकतात, काही महिनाभर चालतात. प्रवेश फी भरायची, ठरलेल्या हद्दीत आणि ठरलेल्या वेळेत गळ टाकायचा आणि सर्वांत मोठा मासा पकडायचा, एवढाच या स्पर्धांचा गाभा. पण मोठेपण कशाने मोजायचे, मासा खरोखर त्याच स्पर्धकाने पकडला हे कसे पटवायचे आणि पकडलेल्या माशाचे पुढे काय करायचे, हे तीन प्रश्न प्रत्येक आयोजकापुढे असतात. स्पर्धांचे सगळे नियम या तीन प्रश्नांची उत्तरे आहेत. गेल्या चाळीस वर्षांत त्यांतला तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंपेक्षा महत्त्वाचा ठरला आहे.

मासा

रुपेरी अंगावर डोक्याकडून शेपटीकडे गेलेले सात-आठ काळे पट्टे, यावरून या माशाला नाव मिळाले. गळाचे शौकीन त्याला ‘स्ट्रायपर’ म्हणतात. चेसापीक उपसागराच्या परिसरात तो ‘रॉकफिश’ या नावाने ओळखला जातो. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीपासून फ्लोरिडापर्यंतचा किनारा हे त्याचे मूळ घर. हिलशाप्रमाणे तोही वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात चढतो. नावात बास असला, तरी रायगडच्या खाड्यांतल्या जिताड्याशी त्याचे जवळचे नाते नाही. जिताड्याला इंग्रजीत आशियाई सी-बास म्हणतात खरे, पण दोघांची कुळे वेगळी आहेत, आणि जिताडा अंडी घालायला उलट खाऱ्या पाण्याकडे उतरतो.

स्ट्रायपर ३० वर्षांपर्यंत जगतो आणि जवळजवळ आयुष्यभर वाढत राहतो. फार मोठे मासे बहुतेक माद्याच असतात. सहा वर्षांची मादी सुमारे ५ लाख अंडी घालते, तर पंधरा वर्षांची मादी ३० लाखांपर्यंत. स्पर्धेत जिंकणारा मासा म्हणजे बहुधा हीच थोराड, गाभोळीने भरणारी मादी. या स्पर्धांवरच्या सगळ्या वादाचे मूळ येथे आहे.

विक्रमांनी या माशाभोवतीचे वलय वाढवले. सप्टेंबर १९८२ मध्ये न्यू जर्सीतील अटलांटिक सिटी येथे अल्बर्ट मॅकरेनॉल्ड्स यांनी वादळी रात्री दगडी धक्क्यावरून ७८ पौंड ८ औंसांचा, म्हणजे साडेपस्तीस किलोंहून जड स्ट्रायपर काढला. मासेमारीची साधने बनवणाऱ्या एका कंपनीने जागतिक विक्रमासाठी ठेवलेले २,५०,००० डॉलरचे बक्षीस त्यांना मिळाले. हा विक्रम जवळजवळ २९ वर्षे टिकला. ४ ऑगस्ट २०११ रोजी कनेटिकटच्या किनाऱ्यालगत लाँग आयलंड साउंडमध्ये ग्रेग मायरसन यांनी ८१ पौंड १४ औंसांचा, म्हणजे सुमारे ३७ किलोंचा मासा पकडला, आणि आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या नोंदीत तो जागतिक विक्रम ठरला.

स्पर्धा कशी चालते

या प्रकारातले जुने आणि नामांकित उदाहरण म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यासमोरील मार्थाज् व्हिनयार्ड बेटावरची डर्बी. दुसरे महायुद्ध संपल्यावर, उन्हाळा सरताच ओस पडणाऱ्या बेटावर आणखी काही आठवडे पाहुणे यावेत, या हेतूने ती १९४६ मध्ये सुरू झाली. सप्टेंबरच्या मध्यापासून पाच आठवडे ती चालते. किनाऱ्यावरून गळ टाकणारे आणि बोटीतून टाकणारे यांचे गट वेगळे असतात. मुलांचाही स्वतंत्र गट असतो. ब्लूफिश, बोनिटो आणि फॉल्स अल्बाकोर हे मासे स्पर्धेत धरले जातात; २०१९ पर्यंत बहुतेक वर्षे त्यांच्या जोडीला स्ट्रायपरही असे.

एडगरटाउनच्या बंदरातले वजनकेंद्र सकाळी आणि रात्री ठरावीक तासांतच उघडते. मासा काट्यावर चढतो, आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि भोवतीच्या घोळक्यात कुजबुज सुरू होते : कुठे लागला, कशावर लागला? विचारलेल्याने खरे उत्तर द्यावे, अशी अपेक्षा कोणीच ठेवत नाही. शेवटच्या दिवशी विभागवार अव्वल ठरलेल्यांना एकेक किल्ली निवडावी लागते. ज्याच्या किल्लीने कुलूप उघडेल, त्याला बोट किंवा पिकअप ट्रक असे मोठे बक्षीस. म्हणजे पाच आठवड्यांच्या कौशल्यानंतरही शेवटचा शब्द नशिबाचा.

नियमांचा साचा बहुतेक स्पर्धांत सारखाच असतो. गळ टाकण्याआधी नाव नोंदवलेले असले पाहिजे. मासा लागल्यावर घाईने भरलेली फी चालत नाही. मासा दांडी, रीळ आणि दोरी यांनीच पकडायचा. जाळे किंवा भाला चालत नाही. गळाला लागल्यापासून हाताशी येईपर्यंत दांडी एकाच माणसाच्या हातात राहिली पाहिजे. दुसऱ्याने दांडीला हात लावला की मासा बाद, हा आंतरराष्ट्रीय संघटनेचाही नियम आहे. हातजाळीने मासा उचलून घ्यायला मात्र सोबत्याची मदत चालते. हद्द नकाशावर आखलेली असते. दोन मासे समान भरले, तर सामान्यतः आधी नोंदवलेला पुढे राहतो. आणि सर्वांवर एक नियम : मासा कायद्यात बसणारा हवा. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडच्या केंद्रीय हद्दीत स्ट्रायपर पकडण्यास १९९० पासून बंदी आहे. त्यामुळे त्या रेषेबाहेर पकडलेला मासा कितीही मोठा असला, तरी तो स्पर्धेतून बाद होतोच, शिवाय गुन्हाही ठरतो.

लबाडी आणि शिसे

बक्षिसाचा आकडा वाढला की काट्यावरचा विश्वास कमी होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये क्लीव्हलँड येथे वॉलाय या माशाच्या स्पर्धेत जिंकणाऱ्या जोडीचे मासे दिसायला बेताचे आणि वजनाला भारी निघाले. आयोजकाने भर गर्दीत पोट चिरले, तर आतून शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे तुकडे बाहेर पडले. बक्षीस सुमारे २९,००० डॉलरचे होते. खटला चालला, दोघांनी गुन्हा कबूल केला, दहा दिवसांची कैद झाली आणि बोटही जप्त झाली.

पोटात शिसे सापडले म्हणजे लबाडीच, असेही नसते. २००७ मध्ये मार्थाज् व्हिनयार्डच्या डर्बीत एका भल्या मोठ्या स्ट्रायपरच्या पोटात शिशाची वजने सापडली तेव्हा मोठी खळबळ उडाली. चौकशीअंती उलगडा वेगळाच निघाला. काही मच्छीमार मेनहॅडन या तारलीच्या नात्यातल्या माशाच्या पोटात शिसे भरून तो आमिष म्हणून खोल पाण्यात खालीवर नाचवतात. दोरी तुटली की शिशासकट आमिष स्ट्रायपरच्या पोटात जाते, आणि असे आमिष तो अनेकदा गिळू शकतो. पकडणाऱ्याचा त्यात दोष नव्हता.

अशा प्रसंगांतून तपासणीचे नियम घट्ट होत गेले. मासा चिरण्याचा अधिकार आयोजक राखून ठेवतात. बर्फात ठेवलेला शिळा मासा ओळखण्यासाठी डोळे आणि कल्ले पाहिले जातात. मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांत विजेत्याला खोटेपणा पकडणाऱ्या यंत्रापुढे बसावे लागते. मेरीलँडमधील ओशन सिटीच्या व्हाइट मार्लिन स्पर्धेत २०१६ साली २८ लाख डॉलरचे बक्षीस याच चाचणीमुळे अडले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

कायदा आणि माशाची अवस्था

स्ट्रायपरला कायद्याचे संरक्षण नवे नाही. १६३९ मध्येच मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने कॉड आणि बास हे मासे शेतात खत म्हणून वापरण्यास मनाई केली होती. तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसुमार मासेमारीने त्याची संख्या कोसळली. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने स्ट्राइप्ड बासच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदा केला. मेरीलँडने १९८५ ते १९९० या काळात हा मासा पकडण्यावर पूर्ण बंदी घातली. त्या काळात डर्बीनेही स्ट्रायपर स्पर्धेतून वगळला. उपाय लागू पडला आणि १९९५ मध्ये मासा सावरल्याचे जाहीर झाले.

हा दिलासा कायमचा ठरला नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या शास्त्रीय मोजणीत संख्या पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचे दिसले. किनाऱ्यावरील राज्यांच्या सामाईक मत्स्य आयोगाने २०२० मध्ये समुद्रात माणशी दिवसाला एक आणि तोही २८ ते ३५ इंचांमधला मासा ठेवण्याची मर्यादा घातली. मे २०२३ मध्ये वरची सीमा ३१ इंचांवर आली. म्हणजे साधारण ७१ ते ७९ सेंटिमीटर लांबीचाच मासा घरी नेता येतो. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. तो पिल्लांना वाचवतो. अमेरिकेतील ही दुहेरी मर्यादा पिल्लांबरोबर मोठ्या माद्यांनाही वाचवते.

चिंता अजून मिटलेली नाही. मेरीलँडमध्ये १९५४ पासून दर उन्हाळ्यात चेसापीकमध्ये जाळे ओढून त्या वर्षीची पिल्ले मोजतात. एका ओढीमागे सरासरी ११ पिल्ले, हे दीर्घकाळचे प्रमाण. २०२३ मध्ये ही सरासरी केवळ १ होती.

काट्यावरून पट्टीवर

आकाराच्या मर्यादेने वजनाच्या स्पर्धेतला अर्थच काढून घेतला. ३१ इंचांखालचे सगळे मासे दहा पौंडांच्या आगेमागे भरतात. त्यांत विजेता निवडायचा तर फरक औंसांचा राहतो. २०२० मध्ये नवी मर्यादा आली, त्या वर्षी डर्बीने स्ट्रायपर पुन्हा स्पर्धेबाहेर ठेवला. इतर अनेक आयोजकांनी काटा सोडून मोजपट्टी धरली.

पट्टीच्या स्पर्धेत सुरुवातीला आयोजक एक खूण किंवा आकडा जाहीर करतात, म्हणजे जुना फोटो खपवता येत नाही. मासा ओल्या मापफळीवर आडवा ठेवायचा, बंद तोंड फळीच्या टोकाला टेकवायचे, शेपटीची पाती चिमटीत धरायची, ती खूण शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि मासा पाण्यात सोडायचा. वजनाचा अंदाज हवाच असेल, तर लांबीला घेराच्या वर्गाने गुणून ८०० ने भागतात. ५० इंच लांबी आणि २९ इंच घेर असलेला मासा या हिशेबाने ५२ पौंडांच्या पुढे जातो.

सोडलेला प्रत्येक मासा जगतो, असे नाही. शास्त्रज्ञ आपल्या हिशेबात सोडलेल्या शंभरांपैकी नऊ मासे मरतात असे धरतात. शौकिनांनी पकडलेल्या स्ट्रायपरपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परत सोडले जात असल्याने या नऊ टक्क्यांचा आकडा फार मोठा होतो. म्हणून २०२१ पासून आमिष लावून गळ टाकताना आत वळलेल्या टोकाचा गोल गळ सक्तीचा आहे. तो सहसा आतड्यात रुतत नाही, ओढताना सरकून जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून थकलेला मासा सावरत नाही, म्हणून मेरीलँडने १६ ते ३१ जुलै या काळात स्ट्रायपरसाठी गळ टाकणेच बंद केले. हात ओले करूनच मासा धरणे, तो पाण्याबाहेर कमीत कमी ठेवणे आणि कल्ल्यांत बोटे न घालणे, या जुन्या शहाणपणाच्या गोष्टीही आता स्पर्धांच्या नियमपत्रकात येतात.

मोल

स्पर्धांचा पहिला लाभ रोकडा आहे : मोसम संपल्यावरही खाणावळी, खोल्या, बोटी आणि आमिषाची दुकाने चालू राहतात. दुसरा लाभ गावाला मिळतो. डर्बीच्या उत्पन्नातून बेटावरील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळतात, आणि स्पर्धेतल्या माशांचे तुकडे बेटावरील वृद्धांना वाटले जातात. तिसरा लाभ माहितीचा : शेकडो लोकांनी एकाच पद्धतीने मोजलेले मासे आणि खूणचिठ्ठी लावून सोडलेले मासे, दोन्ही शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतात.

आक्षेपही खरे आहेत. बक्षिसाच्या ओढीने एकाच पाण्यावर गर्दी होते, आणि वजनाची स्पर्धा नेमक्या त्याच माद्या पाण्याबाहेर काढते, ज्यांच्यावर पुढची पिढी अवलंबून असते. स्पर्धा टिकायची असेल, तर आधी मासा टिकला पाहिजे, हे दोन वेळा स्ट्रायपर बाजूला ठेवून डर्बीने मान्य केले आहे. जागतिक विक्रमाचा २०११ चा तो मासा आजच्या नियमांत कनेटिकटमध्ये कोणाच्या गळाला लागला, तर तो काट्यापर्यंत नेता येणार नाही. मापून, फोटो काढून तिथेच पाण्यात सोडावा लागेल.