लेखकांनी फेडलेली उधारी

व्यापारी घरांत एक शिकवण लहानपणापासून दिली जाते. गल्ल्यातली रोकड आज आहे, उद्या नसेल. बाजारातली पत मात्र अडीअडचणीला उभी राहते. ही शिकवण किराणा, कापड किंवा सराफी यांपुरतीच खरी आहे असे नाही. पॅरिसमधल्या पुस्तकांच्या एका लहानशा दुकानाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा अनुभव घेतला. दुकानाला कुलूप लागण्याची वेळ आली तेव्हा सरकारने मदत नाकारली. मदतीला आले ते त्याच पेठेत ये-जा करणारे लेखक. त्यांनी दुकानात उभे राहून आपले लेखन वाचून दाखवले आणि त्या वाचनाच्या वर्गणीवर दुकान तगले.

लेखकाने आपल्या परिसरातल्या पुस्तकाच्या दुकानात येऊन वाचकांना भेटावे, ही प्रथा आता जगभर रूढ झाली आहे. तिच्यामागचा व्यवहार समजून घ्यायचा असेल, तर या दुकानाचे खाते उघडून पाहणे उपयोगी ठरते.

तीन हजार डॉलरचे भांडवल

दुकानाचे नाव शेक्सपिअर अँड कंपनी. मालकीण सिल्व्हिया बीच. त्यांचा जन्म १८८७ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झाला. वडील धर्मोपदेशक, घरात विद्येची आवड होती, व्यापाराची परंपरा नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये असताना त्यांची ओळख अॅड्रिएन मॉनिए या तरुण पुस्तकविक्रेतीशी झाली. मॉनिए यांनी १९१५ मध्ये, ऐन युद्धात, ओदेओं मार्गावर फ्रेंच पुस्तकांचे दुकान थाटले होते. त्यांच्या वडिलांना रेल्वे अपघातातील दुखापतीबद्दल मिळालेली भरपाई हेच त्या दुकानाचे भांडवल होते.

मॉनिए यांच्या सल्ल्याने बीच यांनी पॅरिसमध्येच इंग्रजी पुस्तकांचे दुकान काढायचे ठरवले. आईने आपल्या बचतीतून तीन हजार डॉलर पाठवले. पूर्वी धोबीखाना असलेली एक जागा भाड्याने घेऊन १९ नोव्हेंबर १९१९ रोजी दुकान उघडले. पुढे १९२१ मध्ये ते ओदेओं मार्गावर, मॉनिए यांच्या दुकानाच्या अगदी समोर आले. एकीकडे फ्रेंच पुस्तके, दुसरीकडे इंग्रजी. मध्ये फक्त रस्ता. एकाच मार्गावरील ही दोन दुकाने स्पर्धक न होता एकमेकींची पूरक झाली.

पौंड आणि डॉलर यांच्या तुलनेत फ्रँक स्वस्त असल्याने इंग्रजी पुस्तक विकत घेणे फ्रेंच वाचकाला परवडत नसे. हे ओळखून बीच यांनी विक्रीबरोबरच वाचनालयही सुरू केले. अनामत रक्कम ठेवावी, ठरावीक वर्गणी भरावी आणि पुस्तके घरी न्यावीत, अशी ती पद्धत होती. मालाची किंमत गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर असेल तर मालाचा वापर विकावा, हे व्यापारी शहाणपण त्यांना पहिल्याच टप्प्यावर सुचले. सभासदांची पत्रके आणि व्यवहाराच्या नोंदी त्यांनी जपून ठेवल्या. ते दप्तर आज अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात आहे.

तारणाविना दिलेले कर्ज

डिसेंबर १९२१ मध्ये बावीस वर्षांचा एक अमेरिकन वार्ताहर दुकानात आला. त्याला पुस्तके न्यायची होती, पण अनामत भरण्याइतके पैसे खिशात नव्हते. बीच यांनी त्याचे सभासद-पत्रक तयार केले, पैसे जमतील तेव्हा द्यावेत असे सांगितले आणि पुस्तके हाती दिली. त्या तरुणाचे नाव अर्नेस्ट हेमिंग्वे. तेव्हा त्याचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नव्हते.

अशी खाती अनेक होती. परदेशातून आलेल्या लेखकांना कायमचा पत्ता नसे. त्यांची पत्रे दुकानाच्या पत्त्यावर येत आणि बीच ती सांभाळून ठेवत. आंद्रे जीद, पॉल व्हालेरी, व्हालेरी लार्बो हे फ्रेंच साहित्यातले मोठे लोकही या दुकानाचे स्नेही होते.

सर्वांत मोठे खाते जेम्स जॉइस यांचे. त्यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी अमेरिकेतील एका नियतकालिकात क्रमशः छापली जात होती. तिच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन छपाई थांबली. एकही प्रकाशक पुढे येईना, तेव्हा पूर्वी एकही पुस्तक प्रकाशित न केलेल्या बीच यांनी ती छापण्याचे धाडस केले. एक हजार प्रतींची आवृत्ती ठरली आणि ग्राहकांकडून आगाऊ नोंदणी मागवण्यात आली. जॉइस मात्र मुद्रितांवरच नवा मजकूर लिहीत गेले आणि छपाईचा खर्च वाढत गेला. २ फेब्रुवारी १९२२ रोजी, लेखकाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पहिल्या प्रती हाती आल्या. पुढे दहा वर्षे बीच यांनी हे पुस्तक सांभाळले, लेखकाला वेळोवेळी उचल दिली. १९३४ मध्ये ते अमेरिकेत कायदेशीररीत्या प्रसिद्ध होऊन भरपूर खपले. त्या विक्रीतून बीच यांच्या वाट्याला काही आले नाही.

कोणत्याही बँकेने ही खाती बुडीत म्हणून वेगळी काढली असती. तारण नाही, जामीन नाही, परतफेडीची मुदत नाही. तरीही ती पूर्ण बुडीत नव्हती, हे पुढे दिसून आले.

समोरच्या दुकानातील सायंकाळी

लेखकाने दुकानात येऊन वाचन करण्याची रीत त्या मार्गावर मॉनिए यांनी आधीच रुजवली होती. संध्याकाळी खुर्च्या मांडल्या जात आणि ओळखीचे वाचक दाटीवाटीने बसून लेखकाच्या तोंडून त्याचे लेखन ऐकत. ७ डिसेंबर १९२१ रोजी लार्बो यांनी तेथेच जॉइस यांच्या आगामी कादंबरीवर व्याख्यान दिले आणि निवडक उतारे वाचले गेले. त्या सायंकाळचे उत्पन्न जॉइस यांच्या मदतीसाठी होते. पुस्तक छापून येण्यापूर्वीच त्याचा वाचक तयार करण्याचे काम अशा रीतीने एका दुकानात झाले.

मंदीचा घाला आणि वर्गणीची योजना

१९२९ नंतर जागतिक मंदी पसरली. पॅरिसमधले अमेरिकन रहिवासी मायदेशी परतू लागले आणि त्यांच्याबरोबर दुकानाचे मुख्य गिऱ्हाईकही गेले. बीच यांनी आपल्याजवळची दुर्मीळ पुस्तके व हस्तलिखिते विकायला काढली. अखेरीस १९३५च्या सुमारास त्यांनी जीद यांच्याजवळ सांगितले की आता दुकान बंद करण्यावाचून मार्ग दिसत नाही.

लेखकांनी प्रथम फ्रेंच सरकारकडे अनुदानासाठी अर्ज केला. मालकीण परदेशी असल्याने तो मान्य झाला नाही. मग जीद यांच्या पुढाकाराने लेखकांची समिती स्थापन झाली आणि ‘शेक्सपिअर अँड कंपनीचे मित्र’ या नावाने एक योजना आखण्यात आली. सभासदाने वर्षाला २०० फ्रँक द्यावेत. त्या बदल्यात त्याला दुकानात होणाऱ्या वाचनांना बसता येईल. वाचने साधारण महिन्यातून एकदा व्हायची आणि त्यांत शक्यतो अप्रकाशित लेखन वाचले जायचे. सभासदांची मर्यादा २०० ठरली, कारण त्या लहान जागेत याहून अधिक माणसे मावणे शक्य नव्हते.

हिशेब सोपा आहे. सर्व जागा भरल्या तर वर्षाला ४० हजार फ्रँक आगाऊ हाती येणार होते. ही रक्कम पुस्तकविक्रीच्या चढउतारांवर अवलंबून नव्हती; भाडे आणि दिवाबत्ती यांची तरतूद तिच्यातून करता येत होती. शिवाय ती देणगी नव्हती. वर्गणीदाराला बदल्यात काही मिळत होते, म्हणून घेणाऱ्याला संकोच नव्हता आणि देणाऱ्याला उपकाराची भावना नव्हती.

१९३६च्या आरंभी पहिले वाचन जीद यांनीच केले. पुढे व्हालेरी, ज्यां श्लुम्बर्जे, ज्यां पोलां यांनी वाचन केले. टी. एस. एलियट खास लंडनहून आले. मे १९३७ मध्ये हेमिंग्वे यांची पाळी आली. जाहीर वाचन न करण्याचा त्यांचा नियम होता. दुकानासाठी त्यांनी तो मोडला, मात्र इंग्रज कवी स्टीफन स्पेंडर यांनीही सोबत वाचावे अशी अट घातली. अनामतीचे पैसे नसताना ज्याला पुस्तके मिळाली होती, तो सोळा वर्षांनी त्याच कपाटांसमोर आपली कथा वाचत उभा राहिला.

या लेखकांपैकी कोणी पैसे मोजले नाहीत. त्यांनी आपली उपस्थिती दिली. वर्तमानपत्रांनी या सायंकाळींची दखल घेतली आणि दुकानातली वर्दळ पुन्हा वाढली. केवळ वर्गणीवर सर्व भागले असेही नाही. जहाजव्यवसायात मोठे नाव असलेल्या एलरमन घराण्यातील लेखिका ब्रायर यांच्यासारख्या स्नेह्यांनी स्वतंत्रपणे आर्थिक साहाय्य केले. व्यापारात मिळवलेले धन विद्येच्या दुकानाकडे वळल्याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुकान अखेर बंद झाले, पण मंदीमुळे नव्हे. जर्मन सैन्याने पॅरिस व्यापल्यानंतर, १९४१च्या अखेरीस, एका जर्मन अधिकाऱ्याने खिडकीत मांडलेली जॉइस यांच्या शेवटच्या कादंबरीची प्रत मागितली. ती शेवटची प्रत असल्याने बीच यांनी नकार दिला. सर्व माल जप्त करण्याची धमकी मिळताच त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीने काही तासांत सगळी पुस्तके त्याच इमारतीतील वरच्या मजल्यावरील रिकाम्या घरात हलवली आणि दारावरचे नाव रंगाने पुसून टाकले. पुढे त्यांना सुमारे सहा महिने स्थानबद्धतेत काढावे लागले. युद्धानंतर त्यांनी दुकान पुन्हा उघडले नाही. पॅरिसमध्ये आज त्याच नावाने जे दुकान चालते ते जॉर्ज व्हिटमन यांनी १९५१ मध्ये वेगळ्या नावाने सुरू केले आणि १९६४ मध्ये बीच यांच्या दुकानाचे नाव त्याला दिले. तेथेही लेखकांची वाचने होत असतात.

आजचा व्यवहार

संगणकावर एका बोटाच्या इशाऱ्याने आणि मोठ्या सवलतीने पुस्तक घरपोच मिळते, त्या काळात स्वतंत्र दुकानदार भावाच्या स्पर्धेत टिकू शकत नाही. म्हणून अनेक देशांतील लहान दुकानांनी स्थानिक लेखकांच्या भेटी हा आपल्या कामाचा नियमित भाग केला आहे. अमेरिकेत अशा लेखकाच्या प्रती दुकाने बहुधा विक्रीनंतर हिशेब या अटीवर ठेवून घेतात. विक्रीच्या रकमेतील साधारण चाळीस टक्के दुकानाकडे राहतात, उरलेली रक्कम लेखकाला मिळते आणि न खपलेल्या प्रती तो परत नेतो. दुकानाचे भांडवल अडकत नाही आणि नव्या लेखकाला कपाटात जागा मिळते.

एका सायंकाळी किती प्रती खपल्या, एवढ्यावरच या भेटींचे मोल करणे चुकीचे ठरेल. पंधरा-वीस प्रतींच्या नफ्यातून चहापान आणि नोकराचा जादा वेळ यांचा खर्चही कदाचित निघणार नाही. खरा लाभ दुसरा आहे. लेखकाबरोबर त्याचे नातलग, सहकारी, शेजारी दुकानात येतात. त्यांतील कित्येकांनी यापूर्वी त्या दुकानाची पायरी चढलेली नसते. त्यांतले काही पुढे गिऱ्हाईक होतात. गावातला लेखक पुन्हापुन्हा येऊ शकतो; बाहेरून आलेला नामवंत एकदाच येतो आणि त्याची गर्दी त्याच्याबरोबर निघून जाते.

आपल्याकडे पुस्तकाचे प्रकाशन बहुधा सभागृहात होते. व्यासपीठ, शाल, श्रीफळ, चार भाषणे. पुस्तकविक्रेत्याच्या वाट्याला दारापाशी एक टेबल. समारंभ संपला की लेखक, वाचक आणि विक्रेता तिघेही तीन वाटांनी जातात. तोच लेखक पुस्तकांच्या कपाटांमध्ये तीस खुर्च्यांसमोर बसला, तर सभागृहाचे भाडे वाचते आणि श्रोत्याचा हात सहज शेजारच्या पुस्तकाकडेही जातो. महिन्यातला एक ठरलेला वार, तासाभराचे वाचन, अर्धा तास प्रश्नोत्तरे, ठेवलेल्या प्रतींची लेखी पावती आणि महिनाअखेर चुकता हिशेब, एवढ्या शिस्तीवर हे काम उभे राहू शकते.

यात लेखकाचेही कर्तव्य आहे. जे दुकान त्याची पहिली, न खपणारी प्रत ठेवून घेते, त्याच्याकडे नाव झाल्यावरही त्याने यायला हवे. आणि ज्या घरांत मुलांना वाचनाची गोडी लागावी अशी इच्छा आहे, त्यांनी कुटुंबासह अशा सायंकाळी जावे आणि एक पुस्तक पूर्ण किमतीत विकत घ्यावे. ओदेओं मार्गावरील दुकानाने अनोळखी तरुणांवर आधी विश्वास टाकला होता, म्हणून पडत्या काळात त्याच्याकडे वसूल करण्यासारखे काही उरले होते. आपल्या गावातील पुस्तकाच्या दुकानाचे खाते अजून चालू असेल, तर ते पडत्या काळाची वाट न पाहता भरत राहणे बरे.